एका रविवारचा कौल: शार्ल द गॉल आणि एप्रिल १९६९

प्रकरण काय आहे

२८ एप्रिल १९६९. मध्यरात्र उलटून दहा-अकरा मिनिटं झाली होती. फ्रान्सभर दोन वाक्यांचं एक निवेदन पोचलं: "प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाचं काम मी थांबवत आहे. हा निर्णय आज दुपारी बारा वाजता अमलात येईल." कारण दिलेलं नव्हतं, आभार नव्हते, कुणाला दोषही नव्हता. निवेदन होतं जनरल शार्ल द गॉल यांचं. वय ७८. मुदत संपायला अजून साडेतीन वर्षांहून जास्त अवधी होता. संसदेत त्यांच्या पक्षाकडे स्पष्ट बहुमत होतं. ना सैन्य बंडाच्या तयारीत होतं, ना कुणी त्यांचा राजीनामा मागितला होता.

आदल्या रविवारी देशात सार्वमत झालं होतं. विषय होता प्रांतांना नवं रूप देण्याचा आणि सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, फेररचनेचा. 'नाही' म्हणणारे ५२.४१ टक्के भरले. १९४० मध्ये जर्मनीपुढे नमलेल्या व्हिशी सरकारने ठोठावलेली फाशी, स्वतःच्याच सेनापतींचं बंड आणि मोटारीवर झालेला गोळीबार, या सगळ्यांतून सुटलेला माणूस अशा रुक्ष प्रशासकीय प्रश्नावर गेला. हे कसं घडलं आणि कुठल्या वळणावर टळू शकलं असतं, ते इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो: द गॉल ज्या हत्याराने वर आले त्याच हत्याराने पडले, आणि १९६९ मध्ये ते हत्यार उपसायची गरज नव्हती.

पार्श्वभूमी

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना द गॉल हे नुकतेच, तेही तात्पुरते, ब्रिगेडियर जनरल झाले होते. मे महिन्यात माँकोर्ने आणि आब्बव्हिल इथे त्यांच्या रणगाड्यांनी जर्मनांवर प्रतिहल्ले केले होते. सरकारात त्यांना मंत्रीसुद्धा म्हणता येत नव्हतं, ते युद्धखात्याचे उपसचिव होते, तेही जेमतेम बारा दिवस. १७ जूनला ते विमानाने लंडनला गेले आणि १८ जूनला बीबीसीवरून देशबांधवांना म्हणाले की लढाई हरली असली तरी युद्ध संपलेलं नाही. दुसरीकडे पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूनचे वीर मार्शल पेताँ यांच्याकडे कायदेशीर सत्ता आली होती आणि बहुतेक देश त्यांच्यामागे उभा होता. ऑगस्टमध्ये पेताँ यांच्या व्हिशी सरकारच्या लष्करी न्यायालयाने द गॉल यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला.

म्हणजे त्यांच्या हाती ना निवडणुकीचा कौल होता, ना संसदेचा ठराव, ना मोठं सैन्य. होता तो एक मायक्रोफोन. मधल्या सगळ्या संस्था ओलांडून थेट लोकांशी बोलायचं आणि लोकांनी थेट उत्तर द्यायचं, ही त्यांच्या सत्तेची पहिली घडण. (आपल्याकडच्या पाँडिचेरीने सप्टेंबर १९४० मध्येच त्यांच्या 'स्वतंत्र फ्रान्स'ला साथ दिली होती, हे इथे आवर्जून नोंदवतो.) चार वर्षांनी, २६ ऑगस्ट १९४४ रोजी, मुक्त पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरून ते चालत निघाले आणि लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा ते उत्तर मिळालं.

पण पक्षांचं राजकारण पुन्हा सुरू झालं आणि हंगामी सरकारचे प्रमुख असलेल्या द गॉल यांचं त्याच्याशी जमेना. २० जानेवारी १९४६ रोजी त्यांनी अचानक राजीनामा दिला. लोक आपल्याला परत बोलावतील अशी त्यांची अटकळ होती. कुणी बोलावलं नाही. त्याच जूनमध्ये बायो इथल्या भाषणात त्यांनी बलवान राष्ट्राध्यक्ष असलेल्या घटनेचा आराखडा मांडला. देशाने त्याच्या नेमकी उलट घटना स्वीकारली. बारा वर्षं त्यांनी सत्तेबाहेर काढली, त्यातला पुष्कळसा काळ कोलाँबे-ले-दोझेग्लीज या खेड्यातल्या आपल्या घरी. 'नाहीतर मी जातो' हा डाव १९४६ मध्ये फसला होता, एवढं या प्रकरणात ध्यानात ठेवायला हवं.

परत बोलावलं ते अल्जीरियाने. तिथलं बंड पेटलं १ नोव्हेंबर १९५४ रोजी. त्याच दिवशी फ्रान्सने पाँडिचेरीसह आपल्या भारतातल्या वसाहतींचा कारभार भारताकडे सोपवला होता. एक वसाहत कागदावर सुटली, दुसरीसाठी साडेसात वर्षं रक्त सांडलं. १३ मे १९५८ रोजी अल्जीयर्समध्ये जमावाने आणि सैन्याने सरकारी मुख्यालय ताब्यात घेतलं. जनरल मासू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि द गॉल यांच्या नावाचा घोष सुरू झाला. कॉर्सिका हातची गेली, पॅरिसवर छत्रीधारी सैनिक उतरणार अशी धास्ती पसरली. वार्ताहरांनी हुकूमशाहीबद्दल छेडलं तेव्हा द गॉल यांनी उलट विचारलं: ६७व्या वर्षी मी हुकूमशहा म्हणून कारकीर्द सुरू करीन असं तुम्हाला वाटतं का? १ जून रोजी संसदेने ३२९ विरुद्ध २२४ मतांनी त्यांना पंतप्रधान केलं. सप्टेंबरात नव्या घटनेवर सार्वमत झालं, डिसेंबरात ते राष्ट्राध्यक्ष निवडले गेले.

पुढची चार वर्षं सार्वमत हाच त्यांचा मुख्य मार्ग होता. घटनेला १९५८ मध्ये सुमारे ८० टक्के पाठिंबा मिळाला. अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाला जानेवारी १९६१ मध्ये ७५ टक्के मिळाला. त्याच एप्रिलमध्ये चार सेनापतींनी अल्जीयर्समध्ये बंड केलं. द गॉल लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि कोवळ्या सक्तीभरतीच्या शिपायांनी छावण्यांमध्ये ट्रान्झिस्टरला कान लावून ते भाषण ऐकलं. काही दिवसांत बंड विरलं. मार्च १९६२ मध्ये अल्जीरियाचं युद्ध थांबवणारा एव्हियाँ करार झाला आणि एप्रिलमध्ये त्याला ९० टक्क्यांहून जास्त होकार आला. दर वेळी प्रश्नामागे एक न बोललेला प्रश्न असे: मी, की गोंधळ?

चौथं सार्वमत वेगळं होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये पेती-क्लामार इथे त्यांच्या मोटारीवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. ते बचावले आणि राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा अशी दुरुस्ती त्यांनी पुढे आणली. घटनादुरुस्तीचा राजमार्ग कलम ८९ हा होता आणि तो दोन्ही सभागृहांमधून जातो. द गॉल यांनी कलम ११ घेऊन थेट सार्वमताचा रस्ता धरला. सिनेटचे अध्यक्ष गास्ताँ मोनेर्व्हिल यांनी याला पदाशी केलेली गद्दारी ठरवणारा कडक कायदेशीर शब्द वापरला. विधानसभेने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, पंतप्रधान पाँपिदू यांच्या सरकारवर अविश्वास आणला. ऑक्टोबरात द गॉल ६२ टक्क्यांनी जिंकले, पण एकूण नोंदलेल्या मतदारांच्या हिशेबात ते निम्म्याहून कमी होते. अल्जीरिया संपला होता, म्हणजे 'गोंधळ' हा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. माझ्या मते पहिला इशारा तोच होता. आणि सिनेटशी जे वैर जडलं, ते सात वर्षं मनात राहिलं.

समस्या

डिसेंबर १९६५ मध्ये थेट निवडणुकीच्या पहिल्या फेरीत द गॉल यांना ४५ टक्क्यांच्या आत मतं पडली. डाव्यांचे उमेदवार मितराँ यांच्याविरुद्ध दुसऱ्या फेरीत ५५ टक्के मिळवून ते पुन्हा निवडून आले. खरा हादरा बसला मे १९६८ मध्ये. विद्यार्थ्यांच्या बॅरिकेड, मग लाखो कामगारांचा संप. या धामधुमीत काही दिवस राष्ट्राध्यक्ष रुमानियाच्या दौऱ्यावर होते. परतल्यावर २४ मे रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवरून जुनंच औषध सांगितलं: सार्वमत घेतो, विषय 'सहभाग', म्हणजे निर्णयांमध्ये लोकांना वाटा. त्या रात्री पॅरिस आणखी पेटलं. चौकातल्या माणसाला त्यात स्वतःसाठी काही दिसलं नव्हतं.

संप मिटवायच्या वाटाघाटी करत होते पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू. २९ मे रोजी द गॉल हेलिकॉप्टरने निघून गेले. कुठे गेले ते त्यांनी पंतप्रधानांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले होते जर्मनीत, बादेन-बादेनला, तिथल्या फ्रेंच फौजांचे प्रमुख जनरल मासू यांच्याकडे. १९५८ मध्ये ज्यांच्या समितीने द गॉल यांचा रस्ता मोकळा केला तेच हे मासू. धीर सुटला होता की ती चाल होती, यावर अभ्यासक आजही भांडतात. ३० मे रोजी परतल्यावर ते रेडिओवर बोलले. पाँपिदूंच्या आग्रहावरून त्यांनी सार्वमत पुढे ढकललं आणि विधानसभा बरखास्त केली. जूनच्या निवडणुकीत ४८७ पैकी २९३ जागा एकट्या गॉलवादी पक्षाने घेतल्या.

वरून पाहता हा प्रचंड विजय होता. पण द गॉल यांच्या दृष्टीने तो त्यांचा नव्हता. विधानसभा बरखास्त करायचा सल्ला पाँपिदूंचा, वाटाघाटी पाँपिदूंच्या, आणि मतं पडली होती भीतीपोटी. स्वतः सुचवलेलं सार्वमत तसंच राहून गेलं होतं. लोकांचा आपल्यावर, व्यक्तिशः, विश्वास आहे का, हा प्रश्न त्यांना सलत राहिला.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय १० जुलै १९६८ चा. सहा वर्षं पंतप्रधान राहिलेल्या, नुकताच विजय मिळवून देणाऱ्या पाँपिदूंना बाजूला करून त्यांनी कूव्ह द म्युरव्हिल यांना नेमलं. पाँपिदूंना ठेवलं असतं तर वारसदार सत्तेत बांधलेला राहिला असता. हटवल्यामुळे तो मोकळा झाला. १७ जानेवारी १९६९ रोजी रोममध्ये पाँपिदू पत्रकारांना म्हणाले की पद रिकामं झालं तर मी उमेदवार असेन, यात गुपित काही नाही. त्यावर २२ जानेवारीला द गॉल यांनी जाहीर केलं की लोकांनी मला सात वर्षांसाठी निवडलं आहे आणि मुदत संपेपर्यंत ती पार पाडणं हे माझं कर्तव्य आहे, तसा माझा इरादाही आहे.

या दोन तारखांमध्ये पाच दिवसांचं अंतर आहे, पण सगळं प्रकरण त्यांत मावतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच फ्रेंच मतदाराला ठाऊक झालं की द गॉल गेले तरी घर ओस पडणार नाही. 'मी, की गोंधळ' या प्रश्नातला गोंधळ गेला आणि त्या जागी एक शांत, अनुभवी, परिचित चेहरा आला.

दुसरा निर्णय सार्वमताचा. त्यांच्यापुढे निदान चार वाटा होत्या.

सार्वमताचा विषय तसाच विरू देता आला असता. रस्त्यावर कुणी प्रांतांच्या फेररचनेसाठी घोषणा देत नव्हतं.

प्रांतांचा कायदा साध्या बहुमताने संसदेत आणता आला असता. २९३ जागा हाताशी होत्या. ही वाट सर्वांत सोपी होती.

सार्वमत घ्यायचंच, तर प्रांत आणि सिनेट असे दोन वेगळे प्रश्न विचारता आले असते. प्रांतांना अधिकार देण्याच्या कल्पनेला खुद्द विरोधकांतही सहानुभूती होती. तिथे होकार जवळजवळ हमखास होता.

चौथी वाट: दोन्ही एकाच प्रश्नात बांधायचे आणि त्याला स्वतःचं पद जोडायचं.

चौथी का निवडली? एक कारण तांत्रिक. सिनेटचे अधिकार काढायचे तर कलम ८९ च्या वाटेने खुद्द सिनेटची संमती लागते, आणि ती मिळणं अशक्य होतं. म्हणून पुन्हा कलम ११. पण हे कारण सिनेटपुरतंच खरं आहे. प्रांतांना त्याच गाडीला का जुंपलं, आणि पद पणाला का लावलं, याचं उत्तर तंत्रात सापडत नाही. त्यांना कायदा नको होता, होकार हवा होता. जो होकार १९४४ मध्ये रस्त्यावर मिळाला, १९५८ मध्ये पेटीतून मिळाला, तो पुन्हा ऐकायचा होता.

काय केलं

२ फेब्रुवारी १९६९ रोजी ब्रिटनी प्रांतात केंपेर इथे त्यांनी सार्वमताची घोषणा केली. मसुदा साठाहून अधिक कलमांचा होता. सिनेट आणि आर्थिक-सामाजिक परिषद एकत्र करून त्यांचं एक सल्लागार सभागृह करायचं. राष्ट्राध्यक्षपद रिकामं पडलं तर हंगामी सूत्रं सिनेटच्या अध्यक्षाऐवजी पंतप्रधानाकडे जातील. साधा मतदार हे वाचून काढील अशी अपेक्षा कुणी ठेवावी?

ज्यांनी वाचलं ते वेगळे होते. फ्रान्समध्ये सिनेटर थेट लोकांमधून निवडले जात नाहीत, त्यांना मुख्यत्वे गावोगावचे नगरसेवक आणि महापौर निवडतात. त्या काळी सुमारे ३८,००० कम्यून, म्हणजे गाव-शहरांच्या पातळीवरच्या स्थानिक संस्था, होत्या. गावचा महापौर म्हणजे ज्याच्याकडे माणूस दाखल्यापासून तक्रारीपर्यंत सगळ्यासाठी जातो तो. सिनेटवरचा घाव या मंडळींच्या मानावर पडला. आणि ही मंडळी डावी, क्रांतिकारी अशी नव्हती. मध्यममार्गी, जुन्या वळणाची, १९६८ च्या जूनमध्ये बहुधा द गॉल यांच्याच बाजूने उभी राहिलेली होती. सिनेटचे नवे अध्यक्ष आलँ पोएर हे याच वळणाचे. मोनेर्व्हिल यांच्यासारखी धार नसलेला, गोल चेहऱ्याचा, सौम्य बोलणारा हा गृहस्थ विरोधाचा चेहरा बनला, आणि त्याच्याकडे पाहून कुणाला भीती वाटेना.

१० एप्रिलला दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत द गॉल यांनी स्पष्ट केलं की आपलं पुढे राहणं उत्तरावर अवलंबून आहे. तीन महिन्यांपूर्वीचं 'मुदत पूर्ण करीन' हे वचन त्यांनी स्वतःच मोडीत काढलं. काही दिवसांतच माजी अर्थमंत्री जिस्कार देस्तँ यांनी आपण होकार देणार नसल्याचं जाहीर केलं. त्यांना १९६६ मध्ये मंत्रिमंडळातून दूर केलं गेलं होतं. पाँपिदू होकाराचा प्रचार करत राहिले. त्यांनी काही दगाफटका केला असं मला वाटत नाही. त्यांचं नुसतं असणंच पुरेसं होतं.

२५ एप्रिलला शेवटचं भाषण ध्वनिचित्रमुद्रित करून द गॉल कोलाँबेला निघाले. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात ते पुन्हा कधीच आले नाहीत.

निष्पत्ती

होकार सुमारे १ कोटी ९ लाख, नकार सुमारे १ कोटी २० लाख. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. देशाच्या मानाने हा आकडा लहान आहे. जिस्कार यांच्यामागे चालणारे आणि महापौरांचं ऐकणारे यांतून तो सहज भरतो.

ज्या कलमात बदल करायचा होता त्याच जुन्या कलमानुसार पोएर हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. द गॉल १० मे रोजी आयर्लंडला गेले आणि १९ जूनपर्यंत तिथेच राहिले. निवडणुकीत आपली सावलीही पडू नये याची त्यांनी काळजी घेतली. तिथल्या छायाचित्रांमध्ये केरी परगण्याच्या किनाऱ्यावर लांब कोट घातलेला, काठी टेकत वाऱ्यातून चालणारा म्हातारा दिसतो. १५ जूनला पाँपिदू ५८ टक्क्यांनी निवडून आले, हरवलं पोएर यांनाच. ९ नोव्हेंबर १९७० रोजी कोलाँबेच्या घरी द गॉल वारले. ऐंशीवा वाढदिवस तेरा दिवसांवर होता. १९५२ मध्येच लिहून ठेवल्याप्रमाणे सरकारी अंत्यसंस्कार झाले नाहीत. गावच्या दफनभूमीत, वीस वर्षांची होऊन गेलेल्या मतिमंद लेकीशेजारी, आनशेजारी, त्यांना पुरलं.

वेगळं काय करता आलं असतं

काही जण म्हणतात की द गॉल यांना हरायचंच होतं, म्हातारपणी रेंगाळत जाण्यापेक्षा त्यांनी मानाची एक्झिट शोधली. मला हे पटत नाही. २२ जानेवारीचं निवेदन निघून जाऊ पाहणाऱ्या माणसाचं वाटत नाही. हरण्याची शक्यता त्यांना दिसत होती आणि तरीही मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, एवढंच मला दिसतं.

सर्वांत मोठी चूक कुठली, तर माझ्या मते दोन प्रश्न एकत्र बांधण्याची. प्रांतांचा मसुदा एकटा आला असता तर तो तरला असता आणि होकारही त्यांच्याच नावावर जमा झाला असता. पाँपिदूंना हटवणं ही त्याआधीची चूक, पण ती सुधारता आली असती. ऐंशीव्या वर्षी निवृत्त होऊन त्यांच्याकडे सूत्रं देण्याची तारीख जाहीर करणं हा तोडगा होता. मग वारसदाराचं धोक्यापेक्षा आधारात रूपांतर झालं असतं.

राजीनामा द्यायला नको होता, असं मात्र मी म्हणणार नाही. १० एप्रिलला शब्द दिल्यावर २८ एप्रिलला जाणं भागच होतं. तो शब्द द्यायची वेळ आणली ही चूक. पाळला ही नव्हे.

प्रांतांचा कायदा तीनच वर्षांनी, जुलै १९७२ मध्ये, पाँपिदूंच्या काळात साध्या संसदीय मार्गाने झाला, जरी बराच पातळ होऊन. १९८२ मध्ये त्याला खरं बळ मिळालं. सिनेट आजही लक्झेंबर्ग राजवाड्यात भरतं. द गॉल यांनी १९६२ मध्ये आणलेली थेट निवडणूकही टिकली आहे. आणि मे २००५ मध्ये युरोपीय घटनेवरच्या सार्वमतात राष्ट्राध्यक्ष झाक शिराक, जे स्वतःला गॉलवादी म्हणवत, जवळजवळ ५५ टक्के नकाराने हरले, तेव्हा त्यांनी पंतप्रधान बदलला आणि २००७ पर्यंत पदावर राहिले.